जर-तरचा धडा

काल इथे जपानमध्ये, सेंदाई शहरात पहिली थंडी पडली. शेजारच्या आजींनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि तो वास येताच मी कितीतरी वर्षं मागे, तसाच स्टोव्ह असलेल्या, परदेशी लोकांसाठी चालणाऱ्या जपानीच्या वर्गात जाऊन बसले.

त्या दिवशी आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, 'जर-तर' शिकवत होत्या. मी म्हटलं, "जर ऊन पडलं, तर गाद्या वाळत घालीन." सगळे हसले. मग सीरियाचा युसुफ उठला. शब्द शोधत, सावकाश म्हणाला, "जर परदेशी विमानं आमच्या मदतीला आली असती, तर माझा भाऊ आज जिवंत असता."

त्याच्या शेजारी लिबियाचा सालेम बसायचा. दोघं एकाच प्रयोगशाळेत काम करायचे. सालेम खाली बघत म्हणाला, "आमच्याकडे विमानं आली. आम्ही रस्त्यावर नाचलो. हुकूमशहा गेला, आणि मग आम्हीच एकमेकांवर बंदुका रोखल्या. माझाही भाऊ गेला, युसुफ."

युसुफ त्याच्याकडे वळला. "मग विमानं आली नसती तर?"

"ते वाक्य मला पुरं करता येत नाही रे."

तेव्हा मला वाटलं होतं, दोघांतला कोणीतरी एक बरोबर असणार. आज वाटतं, एकाने जे मागितलं ते दुसऱ्याला मिळालं होतं, आणि तरी भाऊ दोघांचेही गेले.

युसुफने सालेमचा हात धरला. तास संपेपर्यंत त्याने तो सोडला नाही.