बॉनेटवरची गोधडी

नाशिकच्या थंडीत शेजारचे जोशीकाका रोज झोपण्याआधी आपली जुनी गाडी थोडी चालू ठेवतात आणि मग बॉनेटवर जाड गोधडी पसरतात. इंजिनाची ऊब टिकावी म्हणून. मला हसू यायचं.

"काका, नवी घ्या की आता!"

"हल्लीच्या उंच गाडीत तुझ्या काकूला चढवत नाही रे. त्यात तिचा दमा. ऐनवेळी गाडीने आढेवेढे घ्यायला नकोत."

काल पहाटे काकूंना धाप लागली; काकांची हाक ऐकून मी धावलो. काकांनी गोधडी ओढून काढली, चोक खेचला. इंजिन जरासं खोकलं आणि सुरू झालं. मी मागे काकूंना धरून बसलो.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्यांचा श्वास हळूहळू सुरळीत झाला. तेव्हा कुठे काका बाकावर टेकले. मी पाहत राहिलो. आपली काळजी संकट आल्यावर जागी होते. हा माणूस कित्येक हिवाळे, न आलेल्या एका पहाटेची तयारी करत होता.

काकूंनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं.

"यांना आधी गरम चहा पाज," त्या म्हणाल्या. "बघ, अंगात साधा स्वेटरसुद्धा नाही."