दारं ऐकणारा मामा

माझा मामा गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं दारं लावत होता. लावत म्हणजे बसवत नव्हे. ते काम दुसरे करत. बसवलेलं दार मामा एकदाच बंद करायचा आणि कान देऊन ऐकायचा. ‘धप्प’ आलं की गाडी पुढे, ‘खण्ण’ आलं की काचेवर लाल चिठ्ठी. माझे वडील याला ‘दारं आपटायचा पगार’ म्हणत. मामीचं म्हणणं वेगळं होतं. “दारांचं सगळं ऐकतात. माझं बोलणं तेवढं कानावर पडत नाही.”

मग कारखाना डबघाईला आला. गाड्या खपेनात, मागच्या मैदानात धूळ खात उभ्या. सरकारने मदत करावी की नाही हे ठरवायला एक समिती येणार होती, पण तिच्या आधी चर्चा सुरू झाली ती आमच्या जेवणाच्या टेबलावर.

“दाजी, चार हजार चुली पेटतात त्या कारखान्यावर,” मामा म्हणाला.

“आणि माझी काय शोभेची होती? सायकलचं दुकान बुडालं तेव्हा कुठली समिती आली होती? तुमच्या गाड्यांनीच बुडवलं ते. आता माझ्याच करातून त्यांना तारायचं?”

मामा उठून फ्रिजचं दार उगाच लावून आला. मला वडिलांचं पटत होतं, आणि मामाची नोकरी जाऊ नये असंही मनापासून वाटत होतं. त्याच्या दोन्ही मुली अजून शिकत होत्या, आणि छप्पन्नाव्या वर्षी दारं ऐकणाऱ्याला दुसरं काम कोण देणार होतं?

समिती आली त्या दिवशी मॅनेजरने एक गाडी घासूनपुसून मधोमध उभी केली होती. मामाला ताकीद होती, “आज तुम्ही फक्त हसायचं.” समितीच्या मुख्य बाईंनी जाता जाता गाडीचं मागचं दार लावलं. खण्ण. मामा सांगितल्याप्रमाणे हसत होता. हसता हसता त्याचा हात खिशात गेला आणि काचेवर लाल चिठ्ठी लावून मोकळा झाला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. मामाच्याही, पण जरा उशिरा.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“सवय,” मामा म्हणाला. “दार नापास आहे.”

“मैदानातल्या गाड्यांवर तर एकही चिठ्ठी दिसली नाही.”

इथे मामा गप्प बसला असता तर निभावलं असतं. “लावल्या होत्या,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली, वरच्यांच्या हुकमाने काढून टाकतात.”

“मग सरकारने तुम्हाला का वाचवावं?”

“माझ्या दाजींचं सायकलचं दुकान होतं. ब्रेक स्वतः चालवून बघितल्याशिवाय त्यांनी कुणाची सायकल परत दिली नाही. तरी दुकान बुडालं आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. आम्ही नापास माल विकून बुडालो, तर तुम्ही आलात. मदत द्या, नका देऊ. दिलीत तर आधी दारं नीट करायला लावा.”

संध्याकाळी मामाने हे सगळं आमच्याकडे येऊन सांगितलं. मामी कपाळाला हात लावून बसली. वडील म्हणाले, “ब्रेकचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? बघत होतो की इतकी वर्षं.”

वडिलांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि समितीला पत्र लिहिलं: ‘मी कर भरतो. कारखान्यांना पैसे देण्याच्या मी विरुद्ध आहे. तरी माझ्या वाटणीचे द्यावेत. मात्र हा माणूस जिथे आहे तिथेच ठेवावा.’

पत्र कुणी वाचलं की नाही, देव जाणे. मदत मिळाली, मागितली त्याच्या अर्धी. मॅनेजर गेला, मामा राहिला. बुडणाऱ्याला सरकारने वाचवू नये, असं वडील आजही चारचौघांत ठासून सांगतात. मामा समोर असला की तेवढं म्हणत नाहीत.