लहान नव्हे, कोझी!

हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहणाऱ्याला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते बॅगा घेऊन दारात येतात. पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात, किस्से मात्र चेक-आउटचं नावच घेत नाहीत!

मी लोणावळ्याचीच. इथल्याच एका बड्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. लोकांना वाटतं, आम्ही चाव्या देतो आणि हसतो. खरं काम वेगळंच. डिलक्स आणि प्रीमियममध्ये फरक काय, क्लब रूम आणि स्वीटमध्ये फरक काय, हे दिवसभर समजावत बसायचं. फरक असला की समजावणं सोपं असतं हो!

*

आमचे जीएम साहेब एकदा ट्रेनिंग घेत होते. म्हणाले, "लहान हा शब्द आपल्या हॉटेलात नाही. कोझी म्हणायचं!"

पाहुण्यांच्या बॅगा खोलीपर्यंत नेणारे आमचे सलीमभाई कार्ल्याचे. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी मुंबईचे एक साहेब डिलक्स रूमच्या दारात अडकले. बॅग आत गेली की माणूस बाहेर, अशी परिस्थिती.

"अहो, केवढीशी लहान रूम आहे ही!"

"लहान नाही साहेब, कोझी आहे."

"कोझी म्हणजे?"

सलीमभाईंनी बॅग सरकवली आणि अदबीनं सांगितलं, "लहान."

*

प्रीमियम रूममधून दरी दिसते. ब्रोशरमध्ये तसा फोटो आहे. तो मेमध्ये काढलाय, हे ब्रोशरमध्ये नाही.

जुलैत पुण्याचं एक जोडपं खास दरीसाठी आलं. आल्या आल्या इंटरकॉम वाजला.

"मॅडम, व्ह्यू कुठाय?"

"समोरच आहे सर. धुक्याच्या मागे."

पलीकडे जरा विचारविनिमय झाला.

"मग आम्हाला धुकं नसलेली रूम द्या!"

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर एक बाई भांडायला उभ्या. त्यांनी डिलक्स घेतली होती. त्यांची खिडकी पार्किंगवर उघडते.

"त्या प्रीमियमवाल्यांना धुकं आहे आणि आम्हाला नुसत्या गाड्या? हा भेदभाव नाही का?"

*

फोनवर एक काका होते, कडक आवाजाचे. मी म्हटलं, "सर, आपल्याला ज्युनियर स्वीट सोयीचा पडेल."

"ज्युनियर? मी सुपरिंटेंडिंग इंजिनियर म्हणून रिटायर झालोय!"

त्यांना एक्झिक्युटिव्ह स्वीट दिला. काकू बिचाऱ्या आल्यावर हळूच म्हणाल्या, "यांना एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होऊन किती वर्षं झाली! डिमोशनच की गं हे!"

काकांना मात्र हे बोलू नकोस म्हणाल्या.

*

आमच्या क्लब रूममध्ये बेडरूम आणि बाथरूमच्या मधली भिंत काचेची आहे. आर्किटेक्ट म्हणाला होता, यानं जागा मोकळी वाटते. भलतीच मोकळी वाटते!

तळेगावच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका नवऱ्याबरोबर आल्या. काच बघून तरातरा खाली.

"मी काय मासा आहे?"

मेंटेनन्सवाला म्हणाला, पडदा दुपारपर्यंत लागेल. बाईंना दुपारपर्यंत धीर नव्हता. त्यांनी लॉबीतले सगळे पेपर मागवले, चिकटपट्टी मागवली आणि अख्खी काच झाकून टाकली.

चेक-आउटला मी घाबरत घाबरत विचारलं, "सर, काही तक्रार?"

सर दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "हिनं पेपर बाहेरून लावले हो. शब्दकोडं आतून सोडवता येत नाही."

*

एका नवविवाहित जोडप्यानं किंग बेड मागितला. टायगर पॉइंटला जाऊन आले, तर नवरी एकटीच काउंटरवर. "ट्विन बेड होईल का?"

हाउसकीपिंगच्या शकुंतलामावशी टाकवे बुद्रुकच्या. त्या वर गेल्या, दोन पलंग वेगळे करून आल्या. संध्याकाळी नवरा लाजत लाजत खाली. "पुन्हा किंग होईल?" मावशी पुन्हा वर. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सासूचा फोन आला म्हणे. पुन्हा ट्विन!

मावशी धापा टाकत माझ्याकडं आल्या. "मॅडम, मी बिछाना लावते, संसार न्हाई लावत. ह्यांच्या पलंगाला चाकं बसवा, तेच ढकलतील!"

*

गेल्या हिवाळ्यात एक पांढरीशुभ्र मोठी गाडी पोर्चमध्ये थांबली. चाळिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला मुलगा उतरला. मागून धोतर-टोपीतले आबा आणि नऊवारीतल्या आजी. हॉटेल उभं आहे ती जमीन कधीकाळी त्यांची होती, हे मुलानंच सांगितलं. आई-वडिलांना एक रात्र इथं ठेवायचं होतं त्याला.

"सगळ्यात मोठा स्वीट दाखवा," तो म्हणाला.

सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. मी नेहमीचं सुरू केलं. हा हॉल, ही जेवायची जागा, ही बेडरूम, इथं कपड्यांची वेगळी खोली. आबा खिडकीशी जाऊन समोरचा डोंगर न्याहाळत होते. मग वळून विचारलं, "बाय, ह्या जाग्याला आदी काय व्हतं?"

मी गडबडले. "आबा, इथं... इतक्या उंचावर... आकाशच असणार."

"मंग हितं नगं."

क्लब रूम दाखवली, प्रीमियम दाखवली. प्रत्येक ठिकाणी दोघं खिडकीतून डोंगर बघायचे, आपसात काहीतरी कुजबुजायचे, नकारार्थी मान हलवायचे. मुलगा घामाघूम. शेवटी तळमजल्यावर आलो. लाँड्रीच्या शेजारची डिलक्स आम्ही सहसा कुणाला दाखवतच नाही. दार उघडं होतं म्हणून आजी आत शिरल्या. खिडकीतून डोंगर पाहिला. चपला काढल्या आणि अनवाणी खोलीभर फिरल्या.

"हितंच," त्या आबांना म्हणाल्या.

"व्हय," आबा म्हणाले. "गोठा."

मुलाचा चेहरा पडला. "आये, अगं वर एवढा मोठा स्वीट हाय! गोठ्यात झोपायला आणलं का तुमाला? लोक काय म्हनतील?"

आजी पलंगाच्या काठावर टेकल्या. चादरीवरून हात फिरवत राहिल्या.

"लय पाऊस लागल्याला तवा. घर सगळं गळत व्हतं, कोरडी जागा कुटं न्हाई. तुज्या आबांनी म्हस भाईर बांदली, हितं गवात आतरलं." मग मुलाकडं बघून म्हणाल्या, "तू हितं झालास."

भिंतीपलीकडं लाँड्रीचं मशीन तेवढं घुमत होतं.

मुलगा माझ्याकडं वळला.

"मॅडम, माझ्यासाठी शेजारची रिकामी आहे का हो?"