कोटवाल्या बाईंचा प्रश्न

कोणीही काहीही सांगितलं, की बाई एकच विचारायच्या, "पाहिलंत, की ऐकलंत?" दूधवाला म्हणाला म्हैस आटली, तरी हेच. शेजारीण म्हणाली सून पळाली, तरी हेच. मी सभांमधून आणि पत्रकांमधून वाढलेला माणूस. आम्ही पाहिलेलं आणि ऐकलेलं एका दमात लिहितो आणि शेवटी उद्गारचिन्ह ठोकतो. त्यामुळे बाईंपुढे माझं भाषण पहिल्या वाक्यातच बसायचं. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "या पत्रकराव," म्हणायच्या, "आज कोणाला जाळायचंय?"

नाशिकच्या कोर्टात वकील म्हणून उभी राहिलेली पहिली बाई ती. वकिलांच्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या ढीगभर होत्या, पण बाई आत आल्या की प्रत्येक खुर्चीवर कोणाची तरी पगडी नाहीतर पिशवी बसलेली असे. बाई निमूटपणे बाहेर येऊन लिंबाखालच्या दगडावर बसत आणि पक्षकारांशी तिथंच बोलत. मी चिडून याविरुद्ध पत्रक काढतो म्हणालो, तर म्हणाल्या, "कशाला? इथं वारा येतो."

त्यांच्या काळ्या कोटाची वेगळीच कथा. गावातल्या एकाही शिंप्यानं बाईच्या मापाचा कोट शिवायला घेतला नाही. शेवटी देवळाली कॅम्पातल्या एका मुसलमान शिंप्यानं शिवून दिला. त्याचा हात लष्करी कपड्यांवर बसलेला, त्यामुळे खांदे असे ताठ झाले की नऊवारीवर कोट घालून बाई निघाल्या म्हणजे पलटण निघाल्यासारखी वाटे. तेव्हापासून सारं गाव त्यांना कोटवाल्या बाई म्हणू लागलं. बाई लहानपणीच विधवा झालेल्या. केस राखलेले, त्यात हा कोट. लोकांना बोलायला आणखी काय हवं?

माझी त्यांची ओळख जिवामुळे. महारवाड्यातला जिवा नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत ओंडके फोडायचा. एके दिवशी वखारीच्या मालकानं त्याला चारचौघांत पायताणानं मारलं, कारण काय तर तो पाण्याच्या माठाजवळून गेला. जिवा म्हणाला, "उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी पहाटे मालक वखारीत मरून पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. पोलिसांना एवढं पुरेसं होतं. जिवाला फाशी होणार, हे गावानं खटल्याआधीच ठरवून टाकलं. मीही ठरवलं, की तो निर्दोष आहे. 'जिवाचा खून कोण करतंय?' असं पत्रक लिहून मी बाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चुलीजवळ ठेवलं.

"छान आहे. पण हे छापलंत तर जिवा लवकर लटकेल. तो निर्दोष आहे हे तुम्ही पाहिलंत?"

"बाई, तो गरीब आहे, अस्पृश्य आहे..."

"ते मलाही दिसतंय. मी दुसरं विचारलं."

त्या तुरुंगात जाऊन जिवाला भेटल्या. तो काय म्हणाला ते मला कधीच सांगितलं नाही. "ते मी ऐकलंय, पाहिलेलं नाही," एवढंच.

खटल्यात खरी साक्ष एकच, माईंची. माई म्हणजे नदीकाठच्या एका देवळात नैवेद्याचा स्वयंपाक करणारी म्हातारी विधवा. देवळामागची खोली आणि दोन वेळचा भात, एवढ्यावर तिचा जन्म चाललेला. तिनं पोलिसांना सांगितलं होतं, की त्या पहाटे ती सोवळ्यात गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, पाणी घेऊन येत होती, तेव्हा वखारीमागच्या बोळात जिवा समोरून आला आणि तिच्या अंगावरून गेला. माझ्या मते ही म्हातारी म्हणजे साक्षात धर्माचा फास. तिच्यावर मी आठ ओळी लिहून ठेवल्या होत्या.

बाईंनी आधी तो बोळ पाहिला. मला एका टोकाला उभं केलं, स्वतः कमरेवर घागर घेऊन दुसऱ्या टोकाकडून आल्या. मी भिंतीला चिकटलो तरी घागर माझ्या बाहीला लागलीच. बाई खूश झाल्या. मला काही कळलं नाही. बाही लागली म्हणजे म्हातारी खरंच बोलत होती की!

मग आम्ही माईंकडे गेलो. मी अंगणात, बाई उंबऱ्याबाहेर, माई आत चुलीपाशी.

"केस ठेवलेस, कोट घातलास," माई म्हणाल्या, "आता दाढी तेवढी राख. मग जज्ज करतील तुला."

"राखीन की. पण माई, या थंडीत पहाटे गंगेवर जाता? पौषातलं पाणी..."

"हाडं फुटतात गं. एक बुडी मारते ती देवाच्या जिवावर. दुसरी मारायची वेळ आली तर तिथंच राहीन मी."

"आणि नैवेद्य?"

"माझ्या हातचा नैवेद्य आजवर चुकलेला नाही. त्या दिवशीसुद्धा नाही. खून झाला म्हणून देव उपाशी ठेवायचा?"

बाई उठल्या. एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला आणि बाई थंडीबद्दल, नैवेद्याबद्दल गप्पा मारतात! मी रस्ताभर बडबडलो. त्यांनी ऐकून घेतलं.

खटल्याच्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या बाकावर देवळाचे पंच. माई पिंजऱ्यात आल्या, पोलिसांना सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. मग बाई उठल्या.

"माई, गंगेवरून निघालात त्या कुठं गेलात?"

"घरी. आणखी कुठं जाणार? चूल पेटवली, भात टाकला, तेवढ्यात वखारीत आरडाओरडा झाला."

"मध्ये कुठं थांबला नाहीत?"

"ओलेत्यानं कुठं थांबू गं?" लोक हसले.

"जिवा बोळात समोरून आला. तुम्हाला लागला?"

"लागणारच. बोळ केवढासा तो."

बाईंचा आवाज अगदी खाली आला. "मग ते पाणी ओतून टाकून पुन्हा बुडी मारलीत का, माई? की त्याच पाण्याचा भात देवाला दाखवलात?"

माईंनी पंचांकडे पाहिलं. पंच माईंकडे पाहत होते. म्हातारीनं पिंजऱ्याचा कठडा धरला. मला, त्या आठ ओळी लिहिणाऱ्या मला, पुढे जाऊन तिला धरावंसं वाटलं.

"कोणी लागलं नाही मला," माई म्हणाल्या. "धुकं होतं. कोणी नव्हतंच."

सरकारी वकील तावातावानं उठले, पण आता काय उपयोग? जिवा सुटला.

लोकांनी हार आणले होते. मी मात्र लिंबाखाली बाईंशी भांडत होतो. "तुम्ही विटाळाच्या नियमावर खटला जिंकलात! जो नियम मोडायला आम्ही लाठ्या खाल्ल्या, तोच तुम्ही भर कोर्टात उभा केलात!"

"बरं," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला कोणत्या नियमानं फासावरून उतरवणार होतात?"

जिवा शेजारीच उभा होता. हसून म्हणाला, "जाऊ द्या हो दादा. जल्मात पयल्यांदा इटाळ माझ्या कामी आला."

मी हसावं की रडावं? पत्रक लिहायला बसलो, तर कोणाच्या बाजूनं लिहायचं तेच ठरेना.

त्यात पंचांनी माईंना काढलं. म्हणाले, म्हातारी पोलिसांशी तरी खोटं बोलली, नाहीतर देवाशी तरी. खोली गेली, भात गेला. मी पंचांविरुद्ध बोंब मारणार तोवर बाई गेल्या आणि माईंना भांड्यांच्या गाठोड्यासकट घरी घेऊन आल्या. दोघींचं रोज वाजे. माई कोटाला शिवत नसत, काठीनं उचलून खुंटीला लावत. बाई म्हणत, "एवढं सोवळं जज्जसाहेब पाळतील तर बरं."

नाशकात बाईंना पुढे कामं मिळेनाशी झाली. सनातनी देईनात, कारण त्यांनी महाराला सोडवलं. सुधारक देईनात, कारण कसं सोडवलं ते त्यांना पटलं नव्हतं. अखेर त्या माईंना घेऊन जळगावला भावाकडे निघाल्या, तिथल्या कोर्टात उभं राहायला. वखारीच्या मालकाला कोणी मारलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

नाशिक रोडच्या फलाटावर आम्ही दोघंच पोचवायला गेलो, मी आणि जिवा. जिवानं ट्रंक डोक्यावरून आणली, डब्यात ठेवली आणि सवयीनं लांब जाऊन उभा राहिला. माईही सवयीनं पदर आवरून खिडकीशी बसल्या. गाडीनं शिटी दिली. तेव्हा माईंनी खिडकीतून हाक मारली.

"जिवा, पौषात पहाटेचा त्या बोळातून जात जाऊ नकोस रे. थंडी फार असते."

जिवानं मान खाली घातली. "नाय जायचो, माई."

मी बाईंकडे पाहिलं. त्या वाकून ट्रंकेचा पट्टा ओढत होत्या. गाडी हलली. मी खिडकीबरोबर धावलो. "बाई! ऐकलंत?"

बाईंनी वर पाहिलं. तो लष्करी खांद्यांचा कोट मागे खुंटीवर हलत होता.

"मी काही पाहिलं नाही, पत्रकराव," त्या म्हणाल्या.

गाडी गेल्यावर मी मागे वळलो. जिवा शहराच्या रस्त्याला लागला होता. मी भराभर चालून त्याला गाठलं. घरापर्यंत आम्ही बरोबर चाललो, त्याच्या पोराबद्दल बोललो, नव्या कामाबद्दल बोललो. एवढंसं विचारायचं होतं. विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.