लाल म्हणजे चालू

अक्का गेली त्याला आता पाच आठवडे झाले. मंगळवारी सकाळी बेलापूरच्या ऑफिसात नुकताच येऊन बसलो होतो आणि पाटकर वहिनींचा फोन आला. वहिनी सत्तरीच्या आहेत. वाशीला माझी मोठी बहीण, अक्का, एकटी राहायची, तिच्या समोरच्याच घरात त्या राहतात. एरवी फोन केला की आधी घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "सुहास, तू ये." मी म्हटलं, "काय झालं वहिनी?" "तू ये आधी." मला कळलं. कळूनही मी समोरची ईमेल पुरी लिहिली, पाठवली आणि मग उठलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं आहे ते याहून मोठं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अक्काला नुकतीच सरकारी नोकरी लागली होती, आवक-जावक विभागात. पुढे तिचं ऑफिस बेलापूरला आलं, म्हणून आम्ही वाशीला आलो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि तो ज्याचा त्याच्याकडे पोचवायचा, हे तिचं काम. ती सवय घरीही सुटली नाही. लग्नपत्रिका आली की कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्राप्त' आणि तारीख. माझ्या मुलाने बालवाडीत असताना तिला एका हत्तीचं चित्र दिलं, त्या हत्तीच्या पायाशीही 'प्राप्त' आहे. तिच्या लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "सुहासची बारावी होऊ दे." मग माझा डिप्लोमा झाला, डिग्री झाली... मग कोणी विषयच काढेना. मीही कधी काढला नाही. तिचं तसंच असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी खारघरला राहतो. खारघर ते वाशी, गाडीने अर्धा तास. हा अर्धा तास मला दर रविवारी जड जायचा. गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली, मनगटाला प्लास्टर झालं, तेव्हा माझी बायको म्हणाली, "अक्कांना आपल्याकडेच आणू या ना." मी म्हणालो, "तिला तिथेच बरं वाटतं." अक्काला न विचारता मी हे उत्तर दिलं. आणि पुढच्याच आठवड्यात तिच्यासाठी तो बोलणारा स्पीकर घेऊन गेलो. गोल, पेल्याएवढा, डोक्यावर दिव्याचं कडं. कल्पना अशी की ती पडली, फोन हाताशी नसला, तरी नुसती हाक मारली की तो मला फोन लावेल. एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर मी तिला दिव्यांचे रंग लिहून दिले. निळा म्हणजे ऐकतेय. पिवळा म्हणजे कोणाचा तरी निरोप आहे. हिरवा म्हणजे फोन येतोय. नारिंगी फिरायला लागला की नेट गेलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, पाकिटाच्या कोपऱ्यात 'प्राप्त' लिहिलं आणि मला विचारलं, "हिला मराठी येतं का?"

"नाही. हिंदीत बोल."

"म्हणजे मी पडल्यावरसुद्धा हिंदीत पडायचं?"

मी हसलो. पायात एक बूट घालून झाला होता.

पहिले काही दिवस ती त्या यंत्राशी खूप बोलली. "ऐकते सगळं, करत काही नाही, अगदी आमच्या साहेबांसारखी," असं तिने वहिनींना सांगितलं होतं. मला मात्र त्यावरून दिवसातून दोन-तीनदा फोन यायचे. जेवलास का? पाऊस आहे का तिकडे? एकदा मीटिंग चालू असताना आला. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "अक्का, ते अडचणीसाठी आहे. उगाच बोलत बसू नकोस त्याच्याशी." ती म्हणाली, "बरं." त्यानंतर ती खरंच त्याच्याशी बोलेनाशी झाली. मला हायसं वाटलं.

शेवटचा गेलो तो रविवार. ती चहा ठेवत होती, मी कॉटवर बसून मोबाइल बघत होतो. तिने आतूनच सांगितलं, "तुझी ती बाई आता चांगली चालायला लागली बघ. आधी दिवाच नसायचा, मला वाटायचं बंद पडली की काय. परवा पुसताना कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि लाल दिवा लागला. तो आता दिवसरात्र असतो." मी मान वर करून पाहिलं. कडं लालभडक होतं. लाल म्हणजे त्याचे कान बंद. माझ्या पाकिटावर लाल नव्हता, कारण ते बटण ती दाबेल असं मला वाटलंच नव्हतं. पण तिचं काय चुकलं? गिझरचा लाल दिवा लागला म्हणजे गिझर चालू. बोर्डावरचा लाल ठिपका दिसला म्हणजे वीज आहे. आयुष्यभर तिने लाल पाहिला तो असाच. ती कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बरोबर ना रे? लाल म्हणजे चालू?"

मी "हं" म्हणालो.

चहा झाला की ते बटण दाबू, असं मनात होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो. पण घरी पाहुणे आल्याचा फोन आला, मी तसाच उठलो, आणि सानपाड्याच्या सिग्नलला मला ते आठवलं. फोन करून सांगता आलं असतं. "अक्का, ते बटण पुन्हा एकदा दाब," एवढं एक वाक्य. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. मंगळवारी सकाळी तिच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली, म्हणून वहिनींनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, बहुधा पटकन गेल्या असतील. त्यातला 'बहुधा' बाकी कोणालाच ऐकू आला नसावा.

तेराव्याला एक नातेवाईक म्हणाले, "सुहासने बहिणीसाठी काय कमी केलं? यंत्रसुद्धा बसवून दिलं होतं." मी ताटातलं जेवत राहिलो. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. दाढी करतो, ऑफिसला जातो, कोणी विनोद केला तर हसतोही. मधे एकदा मोबाइलवर त्या स्पीकरचं खातं उघडलं. त्याने काय काय ऐकलं त्याची त्यात यादी असते. शेवटची नोंद ती जायच्या तीन आठवडे आधीची, भर दुपारची आहे. 'सुहास को फोन... नहीं, रहने दो. ऑफिस में होगा.' त्यापुढे काही नाही. तिने त्या दिवशी हाक मारली की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

गेल्या गुरुवारी तिच्या सोसायटीत दुरुस्तीसाठी सकाळी काही तास वीज बंद राहणार होती. मी रजा टाकून तिथे गेलो. त्या घरासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा रजा टाकली. फ्रिज रिकामा करायचा होता, असं घरी सांगितलं. खरं तर ते लाल कडं मी अजून तसंच ठेवलं होतं. अक्काच्या बोटाने लागलेला दिवा माझ्या बोटाने घालवायला हात होत नव्हता, आणि आज तो आपोआप जाणार होता. दहाला वीज गेली, तसा तोही गेला. वहिनी अंधारलेल्या जिन्यातून भाजी घेऊन येत होत्या, दार उघडं बघून आत येऊन बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. पाकीट, लाल दिवा, माझं ते 'हं', सानपाड्याचा सिग्नल. सांगताना दुसऱ्या कोणाचं तरी सांगतोय असं वाटत होतं.

वहिनी पदराच्या काठाशी चाळा करत होत्या. असं काही नसतं रे, तू मनाला लावून घेऊ नकोस... असं काहीतरी म्हणतील, याची मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "सोमवारी संध्याकाळी मला भांडं पडल्यासारखा आवाज आला होता. सिरीयल चालू होती. मला वाटलं, मांजर असेल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"मग थोड्या वेळाने मी टीव्हीचा आवाज बारीक केला. तर काही नाही. म्हणून परत वाढवला."

किती मिनिटांनी बारीक केला, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. खाली दुरुस्तीवाले एकमेकांना ओरडून काहीतरी विचारत होते. मग पंखा एकदम फिरायला लागला, बोर्डावरचा ठिपका लागला, आणि क्षणभर निळं फिरून स्पीकरचं कडं पुन्हा लाल झालं.

"आली लाईट," वहिनी म्हणाल्या.

दोघांपैकी कोणीच उठलं नाही.