आईच्या नावाचा घास
फिनेलचा वास आला की मला बेळगावातली लढाईच्या दिवसांतली लष्करभरती आठवते. माझी छाती मापात भरली, वजनही भरलं. मग डॉक्टरनं विचारलं, "घरात कुणाला वेड?" मी नाही म्हणालो. तेवढ्यात दाराशी थांबलेले वडील आत आले. "हाय सायेब. ह्याच्या आईला हाय." मी म्हणालो, "आप्पा, आई तर प्लेगात गेली न्हवं?" त्यांनी मान खाली घातली. "जित्ती हाय. संकेश्वरात, मामाकडं. तुला लढाईवर धाडायला जीव हुईना, म्हणून बोललो." डॉक्टरनं माझा कागद बाजूला सारला. मला कपडे घालायचंही सुचेना. दर पितृपक्षात आईच्या नावानं कावळ्याला घास मीच ठेवत होतो, आणि पान वाढून द्यायचे आप्पा. आता ती खरंच गेली आहे, पण घास ठेवायला माझा हात धजत नाही.