नवऱ्याचं बोटभाडं

भाओजी गेल्याची बातमी मला लॉंग माउंटनच्या शाळेत कळली. मधली सुट्टी संपत आली होती. ऑफिसातल्या फोनवर निरोप आला म्हणून शिपाई बोलवायला आला, आणि पलीकडून देवकीताईचा आवाज. "वसंता, हे गेले. दुकानातच. तू ये." एवढंच बोलली. मी वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवला आणि बस धरली. पोर्ट लुईला बस बदलून बो बासेंला पोचेपर्यंत ताईच्या अंगणात माणसं जमलेली होती. ताई ओटीवर बसली होती, ऑफिसच्याच साडीत. बेतायला घेतलेल्या एका पँटच्या कापडावर कात्री तशीच ठेवून ते खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. त्याला आता काही आठवडे झाले. लोक अजून भेटायला येतात, आणि आलेला प्रत्येक जण बोलता बोलता रोद्रिग बेटाच्या गोष्टीवर येतो. कुणी ती हसत सांगतो, कुणी थोडी चुकीची सांगतो... म्हणून जी मला ठाऊक आहे ती एकदा लिहून ठेवावी असं वाटलं.

सखाराम भाओजी शिंपी होते. बो बासेंच्या रस्त्यावर घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. पुरुषांचे कपडे शिवायचे, लग्नाचे सूट ही त्यांची खासियत. आमची ताई पोर्ट लुईच्या एका व्यापारी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर होती. ही कंपनी मॉरिशसहून रोद्रिगला तांदूळ, कापड, पत्रे पाठवायची आणि तिकडून कांदा, लसूण, सुकवलेली मासळी आणायची. तिथल्या बंदरावर कंपनीची छोटी कचेरी होती आणि तिचे हिशेब बघायला इथून माणूस जायचा, दोनेक वर्षांसाठी. आतापर्यंत पुरुषच गेले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथला कारकून आजारी पडून परतला आणि साहेबांनी ताईला विचारलं. पगार वाढणार होता, हुद्दाही. नाही म्हटलं असतं तर पुन्हा विचारलं गेलं नसतं, हे ताईला पक्कं माहीत होतं.

घरात पहिला प्रश्न उठला तो भाओजींच्या आईचा. सून एकटी समुद्रापलीकडे जाणार हे त्यांना चालणार नव्हतं, आणि मुलगा बायकोच्या मागं जाणार हे त्याहून चालणार नव्हतं. "बाई फुडं नि बाप्या मागं, असा कुठं हाय?" त्या दिवसभर म्हणत राहिल्या. मी त्या संध्याकाळी तिथंच होतो. भाओजी हातशिलाई करत बसले होते. दोरा दातानं तोडून ते म्हणाले, "आये, मी हितं एकटा काय करू? बोन, दोघं जाऊया." बोन म्हणजे आमच्याकडच्या क्रेओल बोलीत 'बरं तर'. ज्या विषयावर त्यांना पुढं बोलायचं नसे तो ते या शब्दानं मिटवत.

दुसरा प्रश्न कंपनीचा होता. रोद्रिगला पाठवलेल्या माणसाचं बोटीचं भाडं कंपनी द्यायची. त्याच्या बायकोचं आणि मुलांचंही द्यायची, शिवाय घरसामानाची ने-आण. ताईनं भाओजींचं भाडं मागितलं, तर उत्तर मिळालं की नियमात बायको आहे, नवरा नाही. स्वतःच्या पैशानं न्यावा. मूल त्यांना नव्हतं, खर्च दोघांचाच होता, पण दुकान बंद झाल्यावर एका पगारातून बो बासेंचं घर, आईचं औषधपाणी आणि बोटीचं जाणं-येणं हे जमण्यासारखं नव्हतं. ताई म्हणाली, मी साहेबांना नाही म्हणून सांगते. भाओजींनी तिला थांबवलं आणि स्वतः शिवलेला राखी सूट घालून दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कंपनीत गेले. तिथं काय झालं ते मला ताईनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि नंतरही अनेकदा.

साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि नियम पुन्हा सांगितला. भाओजींनी विचारलं, "बायकोचं भाडं तुम्ही का देता?"

"माणूस तिथं एकटा पडतो. जेवणखाण, घर कोण बघणार? बायको बरोबर असली की तो टिकून राहतो."

"मग ते मी बघीन."

साहेबांना हसू आलं. "तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"न्हाय येत. शिकीन."

साहेब वर विचारून सांगतो म्हणाले. पंधरवड्यानं होकार आला, पण नियम काही बदललेला नव्हता. वरच्यांनी एवढंच ठरवलं होतं की या एका वेळेपुरतं बायकोच्या जागेवर यांना जाऊ द्यावं. त्यामुळे तिकीट आलं ते पहिल्यापासून छापून ठेवलेल्या साच्यातलं, नावापुढं 'मादाम', म्हणजे श्रीमती, असलेलं. ताई ते बदलून आणायला निघाली होती. "ऱ्हाऊ दे," भाओजी म्हणाले, "बोट काय नाव बघून बुडणार हाय का?"

त्यांना पोचवायला आम्ही दहा-पंधरा जण बंदरावर गेलो होतो. समाजातले लोक, दोन मित्र, आणि शेवटच्या क्षणी आल्या त्या भाओजींच्या आई. बोटीवरचा माणूस हातातल्या कागदावरून नावं पुकारत होता. त्यानं मोठ्यानं 'मादाम' म्हणून भाओजींचं आडनाव घेतलं आणि भाओजी एका हातात पितळी डबा, दुसऱ्या हातात गादीची वळकटी घेऊन पुढं झाले. "मीच." तो माणूस कागदाकडे बघतोय, यांच्याकडे बघतोय... मागं कुणाला तरी हसू फुटलं आणि मग बंदराचा सगळा धक्का हसायला लागला. भाओजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. सामानात शिवणाचं मशीनही होतं. धंद्याचं अवजार कंपनीच्या खर्चानं जाणार नाही असं वजन करणारा म्हणाला, तेव्हा मात्र ते शांतपणे बोलले, "मादाम लोक मशीन नेतात की." आधी गेलेल्या कारकुनांच्या बायकांनी खरोखरच मशिनं नेली होती. तेही चढलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती हसण्यासारखीच आहे. पुढचं फारसं कुणाला माहीत नाही. इकडे समाजाच्या बैठकीत, देवळात त्यांचं नाव मादाम पडलं होतं. गणपतीच्या दिवसांत भजनाला बसलेल्या लोकांतही कुणीतरी विचारायचं, मादामचं पत्र आलं का? त्या थट्टेत माझी बहीणही ओढली जायची म्हणून मला ते ऐकवत नसे, पण मोठ्यांना उलट बोलायला मी लहान होतो. तिकडे भाओजींचं बरं चाललेलं नव्हतं. त्या गावात शिंप्याकडे कपडे टाकणारी माणसं थोडी, आणि बाहेरून आलेल्यावर लगेच कोण विश्वास टाकणार? लग्नाचा सूट शिवणारा हा माणूस सकाळी भात शिजवायचा, तो कधी कच्चा राहायचा, कधी लागायचा, आणि दुपारी डबा घेऊन बंदरावरच्या कचेरीत जायचा. वाटेतली माणसं बघत राहायची. एक दिवस ताई कामावरून आली तर ते मशीनवर चादर टाकून बसलेले. "देवकी, म्होरच्या बातोनं मी जातो घरला," ते म्हणाले. बातो म्हणजे बोट.

ताईनं मला सांगितलं, की तिला त्या वेळी त्यांची समजूत घालता आली नाही. ती म्हणाली, "मुदत संपण्याआधी गेलात तर परतीचं भाडं कंपनी देणार नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दोघंही हसायला लागले. "मला रडू येत होतं रे," ताई म्हणाली, "आणि ह्यांचं हसू थांबेना."

बोट यायला अवकाश होता. त्या मधल्या दिवसांत शेजारची एक कोळीण पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन आली. तिच्या मुलीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन होतं, त्या विधीला मुली पांढरा फ्रॉक घालतात, आणि फ्रॉक शिवणारी बाई आजारी होती. भाओजींनी आयुष्यात फ्रॉक शिवलेला नव्हता. त्यांनी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मॉरिशसहून एवढं मशीन आणलंत ते कशाला? भाओजींनी आधी ताईच्या जुन्या साडीचा फ्रॉक शिवून पाहिला, उसवला, पुन्हा शिवला, आणि मग पांढऱ्या कापडाला कात्री लावली. रविवारी चर्चमध्ये तो फ्रॉक सगळ्या गावानं बघितला. पुढच्या आठवड्यात घरात पांढऱ्या कापडाचे तागे येऊन पडले. बोट आली आणि गेली. परत जायचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन वर्षांची मुदत ताईनं मागून वाढवून घेतली, ती भाओजींच्या सांगण्यावरून.

ते परतले तेव्हा मीच बंदरावर गेलो होतो. भाओजी अंगानं भरले होते आणि मासळीचं कालवण उत्तम करायला लागले होते. त्यांच्या आईनं पहिल्या दिवशी ते चाखलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढं कंपनीनं आणखी एका बाईला रोद्रिगला पाठवलं. त्या वेळी नियमात नवरा किंवा बायको असा बदल झाला आणि ताईनं घरी येऊन तो मोठ्या उत्साहानं सांगितला. भाओजी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. "बोन," ते म्हणाले आणि पुढचं माप घेतलं. मादाम हे नाव मात्र त्यांना चिकटलं ते कायमचं. हाक मारली तर ओ द्यायचे. बो बासेंमध्ये त्यांच्याकडे पुरुषांच्या बरोबरीनं बायकाही कपडे शिवायला टाकू लागल्या, आणि एका शिंप्याकडे एवढं काम त्या रस्त्यावर आधी कधी आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी ताईची बदली फिनिक्सच्या गोदामावर झाली. जाणं-येणं बसचं, भाडं कंपनीचं. मागच्या आठवड्यात माझं फिनिक्सला काम होतं म्हणून संध्याकाळी मी तिच्याबरोबरच बसनं परत आलो. बो बासेंच्या थांब्यावर उतरलो. गर्दी पांगली, बस निघून गेली. मी घराच्या दिशेनं चालायला लागलो आणि पाहिलं तर ताई मागंच, थांब्याच्या भिंतीपाशी उभी. पिशवी तिनं उजव्या हातातून डाव्या हातात घेतली होती आणि तो हात शरीरापासून जरा लांब धरला होता, कुणी येऊन घ्यावी तसा. मी परत फिरलो आणि म्हणालो, "ताई, चल ना."

"थांब जरा," ती रस्त्याच्या वरच्या बाजूला बघत म्हणाली, "दुकान बंद करून येतात ते, वेळ होतो..."

मी तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं स्वतःच पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही निघालो.